माझ्या वाट्याचा धूर

आक्का,

तुमच्या माहेरची माणसं आज सकाळच्या गाडीनं गेली, तुमची-माझी मुलंही आपापल्या गावी परतली. तेराव्याचा मांडव उतरला, सतरंज्या आणि मोठी पातेली ज्याची त्याला पोचती केली, आणि घर एकदम रिकामं झालं. मी ओसरीवर टेकले ती टेकलेच. उठावंसं वाटेना. रडावं म्हटलं तर तेही आता उरलेलं नाही. नुसता थकवा आहे, हाडात मुरलेला. तुमच्याशी बोलायचं मात्र बरंच राहून गेलंय, म्हणून कागद घेऊन बसले. तुम्ही असता तर आतून म्हणाला असता, "बसली का लिव्हत मास्तरीण? म्हंजे आता भाकरी माझ्याच गळ्यात."

भाकरी तुमच्याच गळ्यात होत्या, आक्का. मी ह्या घरात धाकटी जाऊ म्हणून आले त्या दिवसापासून होत्या.

भेटायला येणाऱ्या बायका एकच बोलत होत्या. अहेव गेली, भरल्या कपाळानं गेली, भाग्याची गं बाई. तुम्हाला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. जावेनं करायचं ते सगळं मी केलं, पण मनात चीड होती. शेवटी शेवटी घोटभर पाणी प्यायचं तरी तुम्हाला मध्येच थांबून श्वास गोळा करावा लागायचा. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून मांडीवर उशा रचून त्यांवर वाकून बसायचात. ह्याला भाग्य म्हणायचं असेल तर म्हणोत बापड्या. मी कुणाला काही बोलले नाही. तुम्ही असतात तर दोन शब्दांत एकेकीला गार केलं असतं.

मी लग्न होऊन पूर्णेत आले तो दिवस आठवतो. माझं माहेर ताडकळसचं. शेतातला धूर, शेकोटीचा धूर मला ठाऊक होता. पण आपल्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे लोको, म्हणजे कोळशाची काळी इंजिनं उभी करायची जागा. तिथं दिवसभर इंजिनं फुसफुसत उभी असायची, आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरांवर तीळ पेरल्यासारखी काजळी पडायची. पापड वाळत घातले तर त्यांवरही. स्वयंपाकघरात शिरले तर मला काही दिसेचना. डोळे चोळत उभी राहिले. खिडकी होती, पण तिच्यावर तेलाच्या डब्याचा सरळ केलेला पत्रा खिळे मारून पक्का बसवलेला. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, धुराडं पावसात गळायचं म्हणून ते आधीच बुजवून टाकलेलं होतं. मी विचारलं, "खिडकी बंद का हो?"

"म्या बसिवला पत्रा," तुम्ही मान ताठ करून सांगितलंत.

ती कथा मग मी तुमच्याकडून किती वेळा ऐकली असेल. तुम्ही नव्या नवरी होतात. एके दिवशी सासऱ्यांच्या दुधात कोळशाची कणी निघाली आणि ते ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी तुम्ही रिकामा डबा घेतलात, कापलात, कापताना हातही कापून घेतलात, आणि खिडकीवर ठोकलात. ताटात काजळी यायची थांबली. आणि सासूबाई, ज्यांनी जन्मात कुणाला बरं म्हटलं नव्हतं, त्या शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या मोठीनं डोकं चालिवलं बग." हे वाक्य सांगताना तुम्ही दर वेळी सासूबाईंचा आवाज काढायचात आणि दर वेळी स्वतःच हसायचात.

बाहेरचा धूर आत येऊ नये म्हणून पत्रा मारला आणि आतला धूर आतच कोंडला, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. तुमच्या एकटीच्या नव्हे, कुणाच्याच. इंजिनाच्या शेजारी राहणाऱ्याला धूर म्हटला की इंजिनाचाच दिसतो. चुलीचा धूर हा धूर नव्हेच, तो स्वयंपाक. तुमचं बघून लोकोच्या कडेच्या निम्म्या घरांनी आपापल्या खिडक्यांवर पत्रे मारले आणि सगळ्या बायका आत खोकत बसल्या.

मला कन्याशाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, तेव्हा घरात बराच खल झाला होता. ह्यांची हरकत नव्हती, पण आईपुढे बोलायची छाती नव्हती. सासूबाईंनी शेवटी मुद्द्याचं विचारलं, "चूल कोण बघायची?" तुम्ही पीठ मळत होतात. मान वर न करता म्हणालात, "मी हाय की." तेवढ्यावर माझी नोकरी ठरली. तेव्हापासून दोन्ही वेळची चूल तुमची, आणि मी पदराला पिन लावून शाळेत. माझा डबा भरून दारात ठेवलेला असायचा, वर फडकं बांधलेलं. संध्याकाळी मी दमून आले की तुम्ही आधी चहा द्यायचात आणि मग म्हणायचात, "लय खडू खाल्ला का आज?" माझ्या वाट्याचा धूर तुम्ही घेतलात, आक्का. हे मी तुम्हाला तोंडावर एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "आता धुराचे बी वाटे घालायलीस का?"

ते कागद आठवतात तुम्हाला? शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. मुलींना हवेतलं काहीतरी डोळ्यांनी दाखवावं म्हणून मी एक सोपी युक्ती काढली. पांढऱ्या कागदाला करडईच्या तेलाचं बोट फिरवायचं, तो पुठ्ठ्यावर टाचून उंचावर ठेवायचा आणि आठवड्यानं उतरवून बघायचा. हवेतली काजळी तेलाला चिकटते. मुलींनी आपापल्या घरी ठेवले, मी आपल्या माळवदावर ठेवला. तुम्ही जिन्याखाली उभ्या राहून विचारलंत, "कुणाला निवद दाखवायलीस?"

त्या वर्षभरात कागदांनी ऋतू दाखवले. उन्हाळ्यात कागद मातकट व्हायचा, धुळीनं. पावसाळ्यात जवळजवळ कोरा. दिवाळी झाली की करडा होत जायचा आणि पौषात असा काळा की लावलेलं बोटही काळं व्हायचं. मी तो पौषातला कागद तुमच्यापुढे धरला.

"बग, इंजिन," तुम्ही म्हणालात.

"इंजिन बारा महिने सारखाच धूर सोडतंय, आक्का. मग पावसाळ्यात कागद कोरा कसा राहिला?"

"पावसानं हवा धुऊन निघती."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात वारं असतंय. नेतंय उडवून. आन थंडीत इंजिनाला कोळसा जास्ती लागत असंल. आपल्याला न्हाई का थंडीत चार घास जास्ती लागत?"

निम्मं तुमचं बरोबर होतं. पाऊस हवा धुतो आणि उन्हाळ्याचं वारं धूर उधळून टाकतं, हे पुस्तकातही तसंच आहे. राहिला हिवाळा. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन बसून राहते, तिच्यातून धूर वर चढत नाही, गावावर गोधडी पांघरल्यासारखा पडून राहतो. त्यात शेकोट्या, शिवारात पेटवलेली धसकटं आणि घरोघरच्या चुली. मी फरशीवर कोळशानं चित्र काढून तुम्हाला समजावलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, "पोरींना शिकव हे," म्हणालात आणि चित्रावरून पोतेरं फिरवलंत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, तुम्ही अंगणात घागर कमरेवर घेऊन शेजारच्या घराकडे बघत उभ्या होतात. तिथला धूर भिंतीच्या उंचीपर्यंत चढत होता आणि तिथंच आडवा होत होता. मी आत गेले.

त्याच वर्षीचा श्रावण मला विसरता येत नाही. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि मराठवाडा पेटला. शाळा बंद झाली, गाड्या बंद झाल्या. कुठल्या गावात दलितांची घरं जाळली, कुठून माणसं रानोमाळ पळाली, हे रोज कानावर येत होतं. पावसाळ्यात कोरा राहायचा तो कागद मी त्या आठवड्यात उतरवला, तर त्यावर काळी कणी होती. ती कुठून आली हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. विज्ञानाच्या बाईनं सांगूही नये. तुम्ही कागद हातात घेतलात, उजेडाकडे धरलात. मला वाटलं आता म्हणाल, इंजिन. तुम्ही म्हणालात, "हे इंजिनाचं न्हाई. चुलीचं बी न्हाई." आणि कागद मला परत दिलात. तुमचे मालक, आमचे दादा, ओसरीवर बसून ऐकत होते. ते उठून शेताकडं निघून गेले. आपल्या घरात त्यावर पुढे कुणी बोललं नाही. आपण शेतीवाडीवाले, आपल्याला कशाची झळ लागली नव्हती. तुमचं ते एक वाक्य मात्र मला पुरून उरलं.

भादव्यात मी एक कागद स्वयंपाकघरात लावला. बाहेर पावसानं हवा लख्ख होती, माळवदावरचा कागद पांढरा होता. आतला उतरवला तर कोळशासारखा काळा. पावसात भिजलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, आपण चुलीत घालायचो आणि त्या जळण्याऐवजी नुसत्या धुमसायच्या. गोवऱ्याही सर्दावलेल्या. बाहेरचा पावसाळा सगळ्यात स्वच्छ आणि आपल्या आतला सगळ्यात काळा, असं ते उलटं गणित होतं.

"चुलीपाशी लावल्यावर काळा व्हणारच की," तुम्ही म्हणालात.

"चुलीपाशी नाही लावला. तुम्ही बसता तिथं लावला होता. तुमच्या नाकाच्या उंचीवर."

तुम्ही कागद पुन्हा पाहिलात. मग तो तव्याखाली सारलात. "तेलाचा हाय, जाळ बरा लागतोय," म्हणालात.

त्या दिवशी मी पहिल्यांदा म्हटलं, पत्रा काढू या. तुम्ही म्हणालात, काढ, आणि दादांच्या ताटात काजळी पडली की ते ताट तू खा. तिथून जो आपला वाद सुरू झाला तो संपलाच नाही. दर हिवाळ्यात एकदा उकरून निघायचा. मी विज्ञान सांगायची, तुम्ही उदाहरणं द्यायचात. मी चिडायची, तुम्ही चेष्टेवर न्यायचात. एकदा मी रागानं दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी डब्यात भाकरीबरोबर तिळाची चटणी निघाली, मला आवडते तशी, लसूण जास्त घातलेली. मैत्रिणींसमोर डबा उघडला आणि मला हसूच आलं. तुमच्याशी भांडणं मोठं अवघड होतं. तुम्ही भांडण अर्ध्यात सोडून जेवायला वाढायचात.

खोकला तुम्हाला आधी पावसाळ्यात आणि थंडीत तेवढा यायचा. उन्हाळ्यात तुम्ही अंगणात तीन दगडांची चूल मांडायचात आणि खोकला निघून जायचा. मी हे बोट ठेवून दाखवलं तर म्हणालात, "उन्हाळ्यात कफ वाळतोय." सासूबाई गेल्या, त्यानंतर काही वर्षांनी नंबर लागून गॅस आला. तुम्ही शेगडीला हळदकुंकू वाहिलंत आणि तिच्यावर फक्त चहा करू दिलात. गॅसवरची भाकर दादांना गोड लागत नाही, हे तुमचं म्हणणं. दादांना मी एकदा विचारलं, तर ते म्हणाले, "मला काय, वाढंल ते खातो." हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तीन दिवस दादांशी नीट बोलला नाहीत, माझ्याशी मात्र बोललात. खोकला हळूहळू उन्हाळ्यातही मुक्कामाला राहिला. तुम्ही खोकत खोकत म्हणायचात, "काय न्हाई गं, फिकर नको करू. पाहुणा हाय, जाईल." असा पाहुणा मी पाहिला नाही.

मग काळी इंजिनं जायला लागली. एकेक करून गेली आणि डिझेलची आली. लोको ओस पडलं. त्या वर्षी धोतरं पहिल्यांदा पांढरीच्या पांढरी घडी केली आपण. तुम्ही ती घडी नाकाला लावून हुंगलीत. पौषात मी बऱ्याच वर्षांनी माळवदावर तेलाचा कागद ठेवला. तो काळा झाला. पूर्वीइतका नाही, पण काळाच. मी तो घेऊन आत आले, तुमच्यासमोर धरला आणि म्हटलं, "आता सांगा."

तुम्ही भाकरी उलटायला हात पुढे करत होतात आणि मध्येच थांबत होतात. दोन श्वास घेऊन मग उलटत होतात. मी इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो हा दिवस, आणि मला तो नकोसा झाला. मी कागद मागं घेतला. तुमच्या हातातलं पीठ काढून घेतलं, पुढच्या भाकरी मी थापल्या. तुम्ही बाजूला सरकून बसलात.

"इंजिनं गेली, आक्का. आता कशाला हवा पत्रा?"

तुम्ही जाळ पुढे सारलात. मग म्हणालात, "अगं, ह्या घरात मला बरं म्हनलेलं येवढं एकच हाय."

तुम्ही हे हसून म्हणालात. मी हसले नाही. तुम्ही हजारो भाकरी केल्यात, नणंदांची लग्नं उरकलीत, सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं केलंत, माझी मुलं आणि तुमची मुलं एका मांडीवर वाढवलीत. त्या कशालाच कुणी बरं म्हटलं नव्हतं. मीही नाही. घरच्या माणसाला कोण बरं म्हणतं? आपल्याकडे तशी रीतच नाही. एकदा कुणी म्हटलं, ते खिळे मारून जपून ठेवलं तुम्ही. मग मी पत्र्याचं नाव काढलं नाही.

सकाळच्या भाकरी मी करायला लागले, तुम्ही संध्याकाळच्या सोडेनात. या हिवाळ्याच्या सुरुवातीला तुम्हाला परभणीला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो काढून उजेडावर धरला आणि दादांना विचारलं, "ह्या किती वर्षं बिडी ओढतात?" मी सांगितलं, ह्यांनी कधी तपकीरसुद्धा ओढली नाही. डॉक्टर म्हणाले, मग चुलीचा धूर, छाती तशीच दिसते. खालमानेनं बाहेर आलो. तुम्ही बसमध्ये खिडकीशी बसलात आणि जरा वेळानं तुमचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताय. तुम्ही हसत होतात. "बिडी," तुम्ही म्हणालात. "सासूबाई असत्या तर काय म्हनल्या असत्या गं?" मग त्या हसण्याचा खोकला झाला आणि तो घर येईपर्यंत थांबला नाही.

तुम्हाला पुढच्या खोलीत झोपवलं. स्वयंपाकघरात यायची बंदी. संक्रांतीला बायका वाण घेऊन आल्या, तुम्ही बसल्या जागेवरून सगळ्यांना तिळगूळ दिलात. रेडिओवर सांगत होते, विद्यापीठाचं नाव शेवटी झालं. तुम्ही कान देऊन ऐकलंत आणि म्हणालात, "झालं का? मग तवाच करायचं की. उगं येवढं जाळलं." ह्यांनी रेडिओ बारीक केला. मला त्या श्रावणातला कागद आठवला. तुम्हालाही आठवला असावा, पण विचारलं नाही.

दोन दिवसांनी मी पक्कड घेऊन स्वयंपाकघरात स्टुलावर चढले. तुम्ही दमलात तरी तुमचे कान तिखट.

"काय करायलीस गं?"

"डबा काढायलेय वरचा."

"डब्याला पक्कड लागती का?" मग थोडा वेळ नुसता तुमचा श्वास ऐकू आला. "पत्रा काढायचा असंल तर सासूबाईला विचारून काढ."

पुढच्या खोलीत, तुमच्या डोक्यावरच सासूबाईंचा फोटो. मी स्टुलावरून उतरले, येऊन फोटोसमोर हात जोडून उभी राहिले. तुम्ही टक लावून बघत होतात.

"काय म्हनल्या?"

"म्हणाल्या, मोठीला विचार."

तुम्ही हसलात. किती दिवसांनी तसं हसलात. डोळ्यांत पाणी येईस्तोवर, छातीवर हात दाबून. मी पाठ चोळत बसले. पक्कड माझ्या मांडीवर तशीच होती. तुमचा श्वास ताळ्यावर आल्यावर मी पुन्हा विचारलं, "मग, काढू?" तुम्ही डोळे मिटलेत. हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. मी पक्कड फडताळात ठेवून दिली. आणि आठवडाभरात, एका भर दुपारी, उशांवर वाकलेल्या तुम्ही तशाच शांत झालात.

सुतकात आतली चूल पेटवली नाही. शेजारपाजारच्यांनी पिठलं-भाकरी आणून घातली. तेराव्याचं सगळं आचाऱ्यानं अंगणात रांधलं. इतके दिवस ती चूल गार राहिलेली मी ह्या घरात पाहिली नव्हती. राखेचा वास होता, बाकी काही नाही. मी एकदा आत जाऊन तुमच्या जागेवर बसून पाहिलं. तिथून दारातून ओसरीचा एक तुकडा दिसतो, आणि शाळेतून येणारं माणूस दिसतं. मला वाटायचं तुमचे कान तिखट आहेत म्हणून मी यायच्या आधी चहा तयार असतो.

पत्रा आधीच काढला असता तर तुम्ही आज असतात का? डॉक्टरला हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, विचारलं नाही. काय उत्तर आलं असतं तरी मला पेललं नसतं. वर्गात मी मुलींना सांगते, कारण कळलं की उपाय सापडतो. कारण मला पंधरा सोळा वर्षांपूर्वीच कळलं होतं. एका माणसाला एकदाच बरं म्हटलं गेलं तर त्याचं काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. कधी कधी वाटतं, मी एवढे कागद काळे करण्याऐवजी दिवसाआड तुम्हाला एकदा म्हणाले असते, आक्का, आजची भाकर झकास झाली, तर तुम्ही स्वतःच तो पत्रा उपटून फेकला असता. कुणास ठाऊक. तुम्ही कदाचित म्हणाला असता, "काय पाहिजे गं तुला, येवढी गोड बोलायलीस?"

इथवर लिहिलं आणि दादांनी हाक मारली म्हणून उठले. ऊन कलायला आलं होतं. दादा दारात उभे होते. इतक्या दिवसांत ते धड बोलले नाहीत. चाचरत म्हणाले, "बाई, लोकांचं लय झालं. आज घरची भाकर व्हईल का? चुलीवरची?"

मी हो म्हटलं. सुतक फिटल्यावर पहिली चूल घरच्या सुनेनं पेटवायची, आणि घरात आता सून म्हणून मीच. फडताळातून पक्कड काढली. पण आधी पुढच्या खोलीत गेले. सासूबाईंच्या शेजारी आता तुमचा फोटो आहे, हार अजून ताजा आहे. त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलं होतं, म्हणून तुम्हाला विचारलं. काढू का? तुम्ही काही बोलला नाहीत. ह्या घरात सासूबाई नको असलं की तोंडावर सांगायच्या आणि चालत असलं की गप्प बसायच्या, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तोच अर्थ मी धरला.

खिळे गंजलेले होते, लवकर सुटले. पत्रा निघाला तसा आत इतका उजेड आला की मला माझं स्वयंपाकघर ओळखू येईना. बाहेर ओस पडलेलं लोको, रुळांमधून बाभळी उगवलेल्या. मी पऱ्हाट्या मोडून चूल पेटवली. धूर वर आला, जरासा घुटमळला, मग वळून खिडकीतून सरळ निघून गेला. तव्यावर पहिली भाकर पडली तेव्हा आत धूर नव्हताच. इतकंच होतं, आक्का. इतकंच करायचं होतं.

पहिली भाकर दादांच्या ताटात वाढली. ते खात होते, मी थापत होते. सगळ्या भाकरी होऊन टोपल्यावर फडकं झाकलं, तरी माझे कान आत कुठंतरी लागून राहिले होते. दादांचेही. ते मध्येच घास हातात धरून थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले.

घरात कुणी खोकलं नव्हतं.